‘डिव्हॉइड’ एकटा का चालत नाही?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. दुष्काळावरच्या निबंधात तिने ‘अ डिव्हॉइड व्हिलेज’ असं लिहिलं. बाईंनी लाल रेघ मारली, कारण दिलं नाही. शब्दकोशात ‘डिव्हॉइड’ म्हणजे ‘रहित’ असंच आहे. मग चूक काय? ‘बिरेफ्ट’ चाललं असतं का?
– एक पालक, मिरज

उत्तर : अर्थ बरोबर आहे, जागा चुकली. मुलीला विचारा, मराठीत ती ‘रहित गाव’ लिहील का? कशाने रहित ते सांगावंच लागतं : वृक्षरहित, दोषरहित. ‘डिव्हॉइड’चंही तसंच. जी गोष्ट नाही, ती मराठीत आधी येते, इंग्रजीत ‘ऑफ’ला धरून नंतर येते : ‘अ व्हिलेज डिव्हॉइड ऑफ ट्रीज’. हा शब्द मुळात ‘रिकामं करणे’ अशा अर्थाच्या, जुन्या फ्रेंचमधून आलेल्या क्रियापदाचं धातुसाधित. क्रियापद वापरातून गेलं, हे रूप तेवढं उरलं. म्हणून ‘कशाने रिकामा?’ हा प्रश्न त्याला अजून चिकटलेला आहे.

टाकीत पाणी नसेल तर मात्र सरळ ‘एम्प्टी’ म्हणावं, तिथे ‘डिव्हॉइड’ फार जड होतो. तो शोभतो गुण, भाव, अर्थ नसण्याला. भावशून्य चेहरा म्हणजे ‘अ फेस डिव्हॉइड ऑफ एक्स्प्रेशन’. आपल्या न्यायालयांच्या इंग्रजी निकालपत्रांत अपील फेटाळताना ‘डिव्हॉइड ऑफ मेरिट’ हमखास भेटतं : अपिलात दमच नाही. उणीव पुरती असावी लागते, त्यामुळे ‘व्हेरी डिव्हॉइड’ होत नाही, ‘ऑलमोस्ट डिव्हॉइड’ होतं.

‘बिरेफ्ट’चा प्रश्न मला फार आवडला. हा ‘बिरीव्ह’चा, म्हणजे हिरावून घेण्याचा शब्द, ‘बिरीव्हमेंट’ (जवळचं माणूस गेल्याचा वियोग) त्याच घरातला. त्याला मराठीत ‘पारखा’ इतका नेमका दुसरा शब्द नाही. आईच्या मायेला पारखं झालेलं मूल म्हणतो ना, तसं. होतं आणि गेलं, ही खंत त्यात आहे. ‘डिव्हॉइड’ नुसतं ‘नाही’ एवढंच सांगतो. मुलीच्या गावातली माणसं ऊसतोडीला निघून गेली असतील, तर ‘अ व्हिलेज बिरेफ्ट ऑफ इट्स पीपल’ हे मी आनंदाने बरोबर देईन.

तोही नामाआधी सहसा येत नाही. पण क्रियापदानंतर एकटा उभा राहतो : ‘शी फेल्ट बिरेफ्ट’, तिला पोरकं वाटलं. ‘डिव्हॉइड’ला तेवढीही मुभा नाही.