विजयदुर्गला निघालास?

भाऊ, जळगावहून मंगला एक्सप्रेसने रत्नागिरी गाठ, पुढे एसटी. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याउतरल्या विचारून घे. किल्ला तू बघशीलच, पण वाघोटन खाडीकाठची आंग्र्यांची गोदी चुकवू नको. कातळ खोदून केलेली. आरमाराची गलबतं इथे दुरुस्तीला यायची. १७५६ मध्ये इंग्रज-पेशव्यांच्या मोहिमेत तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गातच जळालं. गोदीकडे ओहोटीलाच जा. पाणी हटलं की कातळाची कड उघडी पडते, चिखलात खेकडे पळताना दिसतात. भरती-ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, तेव्हा कालच्या वेळेवर विसंबू नको, मच्छीमारांना विचार. शेवाळावर चप्पल सरकते बरं! जेवण खाणावळीत आधी सांगावं लागतं. आपला ठेचा सोबत ने, कोकणी जेवण तुला अळणीच वाटणार.