मोबाईलवर मतं घेतली तर साधी माणसं शहराच्या कारभारात सामील होतील का?

होतील. पण फॉर्ममधले पर्याय कोण लिहितो, ते आधी बघा. मी इंदूरची, सुदामा नगराकडची. आमच्या बगीच्याचं सांगते.

पार्षद (म्हणजे नगरसेवक) निधीतून बगीच्यासाठी थोडे पैसे येणार होते. रहवासी संघाचे सचिव म्हणजे माझे धाकटे दीर. भावजींनी गूगल फॉर्म करून ग्रुपवर टाकला. ओपन जिम, कारंजं की सेल्फी पॉइंट? चौथा रकाना नाही. आता आमच्या बगीच्यात सातनंतर मिट्ट काळोख, आणि बोअरिंगची मोटार दोन वर्षांपासून जळालेली. सासूबाई ८१ वर्षांच्या, रोज संध्याकाळी तिथे बसणाऱ्या, फोन बटणांचा. मी फॉर्म वाचून दाखवला तर म्हणाल्या, "दिव्याचं कुठे लिहायचं?" म्हटलं, जागाच नाही. "मग विचारलं कशाला?"

घरं २१४, उत्तरं ९३, त्यात जिमला ५८. त्यातली बरीच पुण्या-बंगळुरूला नोकरी करणाऱ्या पोरांची, जी दिवाळीला चार दिवस येतात. भावजींनी रंगीत आलेख टाकला, वर मथळा 'जनतेचा कौल'. जिम आली. पाय झुलवायच्या मशीनच्या दांड्यावर आता चौकीदाराची बायको गोधड्या वाळत घालते. ऊन तिथे चांगलं येतं, तिचं काही चुकत नाही. ती आणि चौकीदार बगीच्यातच राहतात, मोटार कधी जळाली ते तारखेनिशी सांगतात, पण ग्रुपमध्ये नाहीत.

मी बोलले तर भावजींचं ठरलेलं, "वहिनी, तुम्हीपण मत दिलंत ना?" दिलं होतं. कारंज्याला! म्हटलं, कारंज्यासाठी तरी मोटार दुरुस्त करतील.

मग मी आणि शेजारच्या काकू वही घेऊन निघालो. दोन संध्याकाळी १४० घरं. प्रश्न एकच, बगीच्यात काय कमी आहे? ११२ घरांनी दिवे सांगितले. भावजींनी वही चाळली आणि म्हणाले, "हा काही डेटा नाही." भाचीने तेच आकडे एक्सेलमध्ये भरले, तेव्हा झाला डेटा.

तुम्ही मोबाईलवरच्या मतांबद्दल विचारलं होतं. तैवानमध्ये २०१५ साली उबरचे नियम ठरवताना 'पोलिस' नावाचं ऑनलाइन साधन वापरलं (Pol.is, खाकीवाले नव्हेत). त्यात विधानं लोकच लिहितात, बाकीचे सहमत, असहमत किंवा 'पुढे' एवढंच दाबतात. एकमेकांना उत्तर द्यायची सोयच नाही, त्यामुळे भांडण रंगत नाही आणि कुठल्या मुद्द्यावर विरोधी गटही एक आहेत ते दिसतं. सासूबाईंचा दिवा तिथे पहिल्याच दिवशी वर आला असता.

आपल्याकडे त्याच वर्षी नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेटवरच्या सगळ्या मजकुराला सारखी वागणूक) दूरसंचाराचे नियम करणाऱ्या ट्रायला दहा लाखांवर ईमेल गेले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकुराप्रमाणे डेटाचे वेगळे दर लावायला बंदी आली. ट्रायला शेवटी नियम करायचाच होता, म्हणून त्या ईमेलना वजन आलं. नुसतं 'आपले विचार कळवा' म्हणणाऱ्याकडे वेळ घालवू नका. मात्र ट्रायने पाठवणाऱ्यांचे ईमेल पत्तेही संकेतस्थळावर उघडे टाकले होते, तेव्हा मतं गोळा कराल तर नावं-नंबर झाकून ठेवा. आणि इंदूर ३११ या महापालिकेच्या अ‍ॅपवर खड्ड्याचा फोटो टाकला म्हणजे कारभारात भाग घेतला असं समजू नका. ती तक्रार झाली. रस्ता कुठून न्यायचा हे तुम्हाला विचारलं तर गोष्ट वेगळी.

तुम्ही स्वतः करणार असाल तर शेवटचा रकाना कोरा ठेवा, कोण आणि कधी ठरवणार ते वरच लिहा, फोन नसलेल्यांसाठी वही फिरवा. सचिवाला एकट्याने फॉर्म बनवू देऊ नका, दीर असेल तर मुळीच नाही.

फॉर्म वाईटच, असंही नाही म्हणा. रविवारच्या सभेला तेच ते नऊ-दहा पुरुष येतात. रात्रपाळीची पोरं आणि घरोघरच्या सुना त्या फॉर्मवरच पहिल्यांदा बोलल्या. भावजींनी खटपट मनापासून केली होती, हेही खरं.

दिवे लागले, चार. संघाच्या वार्षिक अहवालात त्याखाली 'ऑनलाइन सर्वेक्षणानुसार' असं छापलंय. वही माझ्या कपाटात आहे.