फ्रीमेसन लॉजमध्ये नवीन आहात? मग जेवणाला थांबा

फ्रीमेसन या बंधुसंघटनेच्या शाखेत, म्हणजे लॉजमध्ये, दीक्षा झाली, कोकराच्या कातड्याचा पांढरा ॲप्रन मिळाला, मनापासून अभिनंदन! आता पहिलं वर्ष महिन्याची बैठक चुकवू नका. तारीख ठरलेली असते, घरी आणि ऑफिसात आधीच सांगून ठेवा. संध्याकाळी कॅम्पात पार्किंगचे हाल, तेव्हा अर्धा तास आधी पोचा आणि मांडामांडीला हात लावा. ओळखी तिथेच होतात.

दीक्षेवरची ठरलेली प्रश्नोत्तरं तोंडपाठ झाल्याशिवाय दुसरी पायरी (सेकंड डिग्री) नाही. ती एखाद्या सीनियर ब्रदरसमोर, म्हणजे जुन्या सदस्यासमोर बसून मोठ्याने म्हणा. नुसती मनात वाचली तर ऐन वेळी तोंडातून शब्द फुटत नाही.

बैठक संपली की बरेच नवे लोक घड्याळ बघत सटकतात. कृपा करून तसं करू नका. खरा जिव्हाळा जेवणाच्या टेबलावरच जमतो. निवृत्त कर्नल, पारशी दुकानदार, सदाशिव पेठेतला डॉक्टर, सगळे एका पंगतीला. मुंबईत 1843 मध्ये 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज निघाली तीच मुळी भारतीयांना प्रवेश मिळावा म्हणून. आज गीता, कुराण, बायबल, अवेस्ता शेजारी शेजारी ठेवलेले असतात. धर्म आणि राजकारणावरचे वाद मात्र वर्ज्य, त्यामुळे गप्पा माणसांच्या होतात. दर वेळी वेगळ्या ब्रदरशेजारी बसा.

धंद्याच्या ओळखी काढायला लॉज वापरणं मला मुळीच पटत नाही. त्यापेक्षा आल्मोनरना गाठा. आजारी ब्रदर, दिवंगत सदस्यांच्या पत्नी यांची विचारपूस त्यांच्याकडे असते. पुढच्या भेटीला "मीही येतो" म्हणा.