लहान चमूचा कोड कुठे आणि कसा सांभाळावा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (जळगाव) : आम्ही तिघे डाळ मिलसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहितो. रोज संध्याकाळी पूर्ण फोल्डर तारीख घालून पेनड्राइव्हवर घेतो. एवढे पुरेसे नाही का?

उत्तर : पुरेसे नाही. तारखेच्या फोल्डरमध्ये त्या दिवशीचा कोड सापडतो; परंतु वजनकाट्याच्या नोंदीतील कोणती ओळ कोणी व कशासाठी बदलली, हे त्यातून कळत नाही, आणि दोघांनी एकाच फाइलवर काम केले असेल तर शेवटी कॉपी करणाऱ्याचे काम उरते, दुसऱ्याचे पुसले जाते. सोर्स कंट्रोल प्रणाली, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारे सॉफ्टवेअर, बदल करणाऱ्याचे नाव व वेळ स्वतः नोंदवते आणि दोघांचे बदल एकमेकांवर आले की ती जागा दाखवते. बदलाचे कारण मात्र आपणच लिहायचे असते. नुसते ‘दुरुस्ती’ असे लिहिलेले सहा महिन्यांनी कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

प्रश्न (धुळे) : गिट घ्यावे की सबव्हर्जन? आमच्याकडे नेट वारंवार जाते.

उत्तर : दोन्ही सोर्स कंट्रोल प्रणालीच आहेत; नेट जात असेल, तर गिट घ्यावे. सबव्हर्जनमध्ये सारा इतिहास एका सर्व्हरवर राहतो आणि त्याच्याशी संपर्क तुटला की कमिट, म्हणजे केलेल्या बदलाची इतिहासात नोंद, करता येत नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर प्रणालीची विनाशुल्क सोय बंद झाल्यावर त्या कर्नलचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट लिहिले. त्यात प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहास असतो, त्यामुळे कमिट, ब्रँच (मुख्य कोडला धक्का न लावता काम करण्याची वेगळी शाखा), जुन्या कोडशी तुलना हे सर्व नेटविना होते आणि नेट आल्यावर पुश करता येते, म्हणजे ते कमिट सामायिक सर्व्हरवर पाठवता येतात. कमिट आणि पुश हे दोन वेगळे टप्पे अंगवळणी पडेपर्यंत सुरुवातीचे दिवस जड जातात, हे खरे. मोठ्या कंपन्यांच्या ब्रँचच्या गुंतागुंतीच्या पद्धती मात्र उचलू नयेत : एक मुख्य ब्रँच आणि दोन-तीन दिवसांत तिच्यात मर्ज होणाऱ्या (मिसळल्या जाणाऱ्या) छोट्या ब्रँचेस एवढ्यावर लहान चमूचे काम उत्तम चालते. तुमच्या कामात फोटोशॉपच्या फाइलींचाच भरणा असेल, तर माझे मत बदलेल; अशा फाइली मर्ज होत नाहीत, आणि एकाने कामासाठी घेतलेली फाइल दुसऱ्यासाठी कुलूपबंद ठेवण्याची सबव्हर्जनची सोय तिथे फार उपयोगी आहे.

प्रश्न (भुसावळ) : ग्राहक कोड बाहेर ठेवू देत नाही. गिटहबशिवाय गिट चालते का?

उत्तर : चालते. गिटहब ही गिटचा कोड इंटरनेटवर ठेवणारी, २००८ मध्ये सुरू झालेली वेगळी सेवा आहे. कार्यालयातल्या एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स घालून एसएसएचद्वारे (दुसऱ्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडण्याच्या पद्धतीने) सामायिक रिपॉझिटरी, म्हणजे कोड व त्याच्या इतिहासाचा साठा, ठेवता येते; ब्राउझरमधून पाहायची असल्यास गिटी हे मुक्त सॉफ्टवेअर बसवावे. मात्र मग बॅकअप सर्वस्वी तुमच्यावर येतो, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या इमारतीत असलीच पाहिजे.

प्रश्न (नंदुरबार) : डेटाबेसचा पासवर्ड चुकून कमिट झाला. पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढली. आता चिंता नाही ना?

उत्तर : चिंता आहे, पासवर्ड आजच बदला. काढलेली ओळ जुन्या कमिटमध्ये तशीच राहते, आणि ज्यांनी क्लोन (रिपॉझिटरीची पूर्ण प्रत) घेतला त्यांच्याकडेही ती पोहोचलेली असते. इतिहास पुन्हा लिहिण्याची साधने आहेत, परंतु ते काम पासवर्ड बदलल्यानंतरचे. यापुढे पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवून तिचे नाव पहिल्या कमिटपूर्वीच गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, घालावे.