गंठण गहाण ठेवून भरलेला हप्ता

कराडच्या एका कीबोर्डवादकाचे पत्र आले आहे. वय ३४. घरी आई, पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. ऑर्केस्ट्रा, लग्नातले संगीत, हळदी, गणपती-नवरात्रातले कार्यक्रम असे वर्षाला साधारण ११० नाईट, सरासरी ५ हजार रुपये नाईट. शिवाय घरी बारा मुले शिकायला येतात, त्यांचे महिन्याला १२ हजार. त्यांच्याकडे यामाहाचा पीएसआर-एसएक्स९०० आहे. गेल्या नवरात्रात मंडळाच्या जनरेटरवर वाजवल्यापासून त्याच्या डिस्प्लेवर रेषा येतात, आणि भर कार्यक्रमात तो दोनदा बंद पडला. दुरुस्तीचा अंदाज १८ हजारांचा मिळाला आहे. दुकानदार म्हणतो, दुरुस्तीत पैसे घालू नका, कोर्गचा पीए५एक्स घ्या. केस आणि स्टँड धरून ४ लाख, जुन्या कीबोर्डचे ७० हजार वळते करतो, उरलेल्या ३ लाख ३० हजारांवर 'फक्त ८ टक्के' व्याज, दोन वर्षे १६ हजारांचा हप्ता. नवा कीबोर्ड आला की नाईट ७ हजार होईल, असे दोन आयोजक म्हणाले आहेत. घ्यावा का, एवढाच प्रश्न.

पत्राच्या शेवटी मात्र हे आहे : "पैशांची तशी ओढाताण नाही. हातात १ लाख १० हजार आहेत, पहिले काही हप्ते त्यातून जातील. फक्त जुलैत पॉलिसीचा १ लाख २० हजारांचा हप्ता येतो, तेव्हा हिचं गंठण आणि पाटल्या सराफाकडे ठेवतो. शेकडा दोन पडतात. गणपती-दिवाळीच्या पैशांतून डिसेंबरात सोडवून आणतो. तीन वर्षं असंच चाललंय."

कीबोर्डचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. आत्ता घेऊ नका. १८ हजार देऊन आहे तो दुरुस्त करा. आता त्या शेवटच्या परिच्छेदाकडे या.

शेकडा दोन म्हणजे महिन्याला २, वर्षाला २४ टक्के. १ लाख २० हजारांवर पाच महिन्यांचे १२ हजार रुपये व्याज तुम्ही दरवर्षी सराफाला देता. तीन वर्षांत ३६ हजार गेले. आणि २४ टक्क्यांनी आणलेला हा पैसा जातो कुठे? तुम्ही पाठवलेल्या पानावर लिहिले आहे : १२ वर्षे हप्ते भरायचे, २० वर्षांनी २७ लाख मिळणार, दरम्यान विमा १२ लाखांचा. ज्या बँकेत तुम्ही कीबोर्डसाठी कर्ज मागायला गेला होता, तिथल्या अधिकाऱ्याने 'दुप्पट होतात, शिवाय टॅक्स वाचतो' असे सांगून ही पॉलिसी दिली. भरायचे १४ लाख ४० हजार, मिळायचे २७ लाख, म्हणून कानाला दुप्पट वाटते. वर्षाचा परतावा काढला तर तो साडेचार टक्केसुद्धा पडत नाही. हेच पैसे याच वेळापत्रकाने पीपीएफमध्ये भरले असते, तर सध्याच्या ७.१ टक्के दराने २० वर्षांनी ४० लाखांच्या आसपास झाले असते. कराचेही तसेच. नव्या करप्रणालीत विम्याच्या हप्त्याची वजावट मिळतच नाही, आणि १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर २०२५-२६ पासून करही लागत नाही. तुमचे सगळे मिळून उत्पन्न ७ लाख. जो कर लागतच नाही, तो वाचणार कसा? दुकानदाराने 'कीबोर्ड धंद्याच्या खर्चात दाखवा' म्हटले असेल, तर त्यालाही हेच उत्तर.

मला राग येतो तो याचा की, कर्ज मागायला आलेल्या, महिन्याचा ठरलेला पगार नसलेल्या माणसाला त्या अधिकाऱ्याने बारा वर्षांचा ठरलेला हप्ता गळ्यात बांधला. तोही ऐन जुलैचा. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला जुलैत काय मिळते, हे त्याने एकदा जरी विचारले असते!

यंदाचा पावसाळा तर तुम्हाला नेहमीपेक्षा लांब जाणार आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे लग्ने नाहीत. त्यानंतर थोड्या तिथी, मग आषाढी एकादशी आली की त्याही थांबतात. गणपती यंदा १४ सप्टेंबरला. सरळ चार महिने धरा. घरखर्च तुम्ही ३५ हजार लिहिला आहे; चार महिन्यांचे १ लाख ४० हजार. त्यातून शिकवणीचे ४८ हजार वजा केले तरी ९२ हजार हवेत. तुमच्या हातातल्या १ लाख १० हजारांतून तेवढे बाजूला काढले की उरतात १८ हजार. दुरुस्तीचा आकडाही नेमका तेवढाच आहे. कीबोर्डचे हप्ते, चार महिन्यांचे ६४ हजार, यात कुठेच बसत नाहीत. बसवायचे म्हटले तर घरातले उरलेले सोने जाईल.

वर्षाचा हिशेबही बघा. नाईटचे साडेपाच लाख, शिकवणीचे दीड, म्हणजे ७ लाख. गाडीभाडे, पेट्रोल, बाहेरचे जेवण ८० हजार. घरखर्च ४ लाख २० हजार. उरतात २ लाख. त्यातून पॉलिसी आणि सराफ १ लाख ३२ हजार घेतात. वर कीबोर्डचे १ लाख ९२ हजार आले की, दरवर्षी सव्वा लाख कमी पडतील. तुमच्या पत्रातली 'तशी ओढाताण नाही' ही ओळ गंठणाच्या भरवशावर उभी आहे.

आता पॉलिसीचे काय करायचे? मोडून टाकू नका, पण चौथा हप्ताही भरू नका. अशा पॉलिसीत तिसऱ्या वर्षात बाहेर पडले तर हमीची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के असते. तुम्ही ३ लाख ६० हजार भरलेत, म्हणजे हातात सव्वा लाख. ते पीपीएफच्या दराने १७ वर्षे वाढवले तरी चार लाख होतील. उलट हप्ता थांबवून पॉलिसी 'पेड-अप' ठेवली तर मुदतीनंतरची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात मिळते. बारापैकी तीन हप्ते, म्हणजे २७ लाखांचा चौथा हिस्सा, सहा-पावणेसात लाख. काही योजनांत पुढची वाढ बंद होऊन हा आकडा खाली येतो, म्हणून कंपनीकडून दोन्ही रकमा लेखी मागा : आज मोडली तर किती, आणि पेड-अप केली तर मुदतीला किती. पेड-अपचा आकडा सरस दिसला म्हणून पॉलिसी चांगली, असे मात्र समजू नका. मोडणाऱ्याचे इतके कापतात की त्याच्या तुलनेत थांबलेलेच बरे दिसते.

अधिकाऱ्याने आणखी एक सुचवले असेल, किंवा सुचवेल : पॉलिसीवर कर्ज काढून कीबोर्डला भरा. तेही नको.

हप्ता थांबला की १२ लाखांचा विमा ३ लाखांवर येईल, म्हणून आधी दुसरी सोय करायची. तसेही १२ लाखांत तुमच्या घराचे तीन वर्षांचे चालणार नाही. तुम्हाला १ कोटीचा टर्म इन्शुरन्स हवा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा निव्वळ विमा. तुमच्या वयाला, तंबाखूचे व्यसन नसेल तर, वर्षाला १२ ते १५ हजारांच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. म्हणजे सराफाला जे व्याज देता, जवळपास तेवढ्यात घराचे खरे संरक्षण झाले असते. कार्यक्रम आटोपून रात्री दोन-तीन वाजता हायवेने घरी येणाऱ्या माणसाकडे हा विमा नसावा, याची मला कीबोर्डपेक्षा कितीतरी जास्त काळजी वाटते.

इथे तुमची दुसरी अडचण येते. तुम्ही प्राप्तिकराचे विवरणपत्र भरत नाही. "कर लागत नाही तर कशाला," असे लिहिले आहे. विमा कंपनी उत्पन्नाचा पुरावा मागते, बँकही मागते. बँकेने कर्ज नाकारले तेही त्यामुळेच असावे. आणि पुण्याच्या ज्या इव्हेंट कंपनीने गेल्या आर्थिक वर्षात तुम्हाला १ लाख ६० हजारांचे काम दिले, तिने कराचे म्हणून १० टक्के आधीच कापले, म्हणजे १६ हजार. ते तुमचे पैसे आहेत, सरकारकडे पडून आहेत, आणि विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळणार नाहीत. आधीच्या वर्षाची मुदत निघून गेली. तेव्हा कापलेले आता सहजासहजी हाती येणार नाहीत. यंदाचे विवरणपत्र जूनमध्येच भरा. रोखीत मिळालेल्या नाईटही त्यात दाखवा. वहीत तारीख, गाव, आयोजक, इसार, बाकी एवढी नोंद ठेवली तरी पुरे.

टर्म हातात येईपर्यंत बँकेच्या खात्यातून प्रधानमंत्री जीवनज्योती घ्या, वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा विमा. आणि सुरक्षा विमा, २० रुपयांत अपघाताचे २ लाख. दोन्हींना उत्पन्नाचा पुरावा लागत नाही. आरोग्य विम्याबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिलेला नाही, त्याअर्थी तो नाही. रेशनकार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, पण ठरावीक आजारांचे आणि ठरावीक रुग्णालयांत. पती-पत्नी-मुलगी यांची १० लाखांची पॉलिसी वीसेक हजारांत बसेल. गणपतीचे पैसे आले की पहिला खर्च हा. आईंची वेगळी बघावी लागेल, त्यांचे वय आणि औषधे कळवा.

आता पुन्हा कीबोर्ड. '८ टक्के' हे फ्लॅट आहेत. पूर्ण ३ लाख ३० हजारांवर दोन्ही वर्षे व्याज लावले आहे, तुम्ही मुद्दल मात्र दर महिन्याला फेडणार. प्रत्यक्षात हा दर १५ टक्क्यांच्या जवळ जातो. जुन्याचे ७० हजार हा भाव 'डिस्प्ले बिघडलाय' म्हणून पाडून मागितलेला आहे. १८ हजार घालून दुरुस्त केलेला एसएक्स९०० दुकानात न देता थेट दुसऱ्या वादकाला विकलात तर बराच जास्त मिळेल. विकायची वेळ येईल तेव्हा हे लक्षात ठेवा.

राहिली ७ हजारांची नाईट. दोन आयोजक बोलले, इसार कोणी दिला नाही. रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो म्हणून कार्यक्रम आटोपशीर झाले आहेत, आणि तुम्हीच लिहिता की बरेच गायक आता मायनस ट्रॅकवर, म्हणजे आवाज वगळून आधीच मुद्रित केलेल्या संगीतावर, गातात. अशा बाजारात वाद्याचे मॉडेल बघून आयोजक ४० टक्के वाढवून देईल, ही आशा मी हिशेबात धरणार नाही. पण ती तपासता येते. त्या दोघांना सांगा, 'सात हजारांची सुपारी द्या, पीए५एक्स घेऊन येतो,' आणि तेवढ्या रात्रींसाठी पुण्याहून तो भाड्याने आणा. भाडे जाऊन तुमचे नेहमीचे ५ हजार सुटले तरी तोटा नाही. पुढच्या मेपर्यंत अशा पंचवीस-तीस सुपाऱ्या खरोखर मिळाल्या, तर आपण खरेदीचा हिशेब पुन्हा मांडू. ४ लाखांचे वाद्य सात वर्षे चालले तर नाईटमागे ५०० रुपयांचे पडते. आजचे तुमचे दोनशेच्या आसपास आहे.

त्याआधी एक दुसरा कीबोर्ड मात्र घ्याच, राखीव म्हणून. रोलँडचा एक्सपीएस-१० सेकंडहँड पाहा, हलका आहे, ऑर्केस्ट्रात सगळ्यांच्या हाताखालून गेलेला आहे. पंचवीस-तीस हजारांत मिळाला तर नवरात्राआधी घ्या. कीबोर्ड भर कार्यक्रमात दोनदा बंद पडला, तिसऱ्यांदा पडला तर तो आयोजक पुढच्या वर्षी फोन करणार नाही. तुमचे सर्वांत मोठे नुकसान ते आहे. आणि जनरेटरवर थेट प्लग लावू नका. मधे चांगला यूपीएस ठेवा, तो साउंडवाल्याचा नको, स्वतःचा.

फसवून विकल्याची तक्रार करायची असेल तर आधी विमा कंपनीकडे लेखी करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते, त्याला फी नाही. बँकेने कर्जाच्या बोलण्यात पॉलिसी पुढे केली, हे तारखेसह लिहा. पैसे परत मिळतील असे मी म्हणत नाही. नवीन पॉलिसी घेतलेल्या इतर वाचकांना मात्र कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, त्यांनी आजच तारीख पाहावी.

तुम्ही पॉलिसीचे पहिलेच पान पाठवले आहे. आतली लाभांच्या कोष्टकाची पाने आणि कंपनीचे लेखी उत्तर आले की दोन्ही पाठवा. पेड-अपची रक्कम चार लाखांच्या खाली निघाली, तर मोडण्याचा हिशेब पुन्हा करावा लागेल, आणि तो जुलैच्या हप्त्याआधी व्हायला हवा.