बंगल्याला लागून एका गाडीचं गॅरेज बांधायचंय, आतून किती जागा ठेवू?

आतून किमान 10 बाय 18 फूट ठेवा. मोठी एसयूव्ही असेल तर 11 बाय 20. राज्याच्या बांधकाम नियमावलीत कारच्या पार्किंगचं माप 2.5 बाय 5 मीटर आहे खरं, पण दोन्ही बाजूंना भिंती आल्या की तेवढ्यात दार धड उघडत नाही. साधी हॅचबॅक जवळपास 1.7 मीटर रुंद असते. 10 फुटांत तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन फूट उरतात, म्हणजे पिशव्या घेऊन उतरता येतं. रोलिंग शटरच्या गुंडाळीला वर फूटभर जागा लागते, गवंडी हे हमखास विसरतो. फरशीचा उतार बाहेरच्या बाजूला. मात्र ही जागा साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या बाजूला नियमानुसार मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात, घुसत असेल, तर नकाशा मंजूर झाल्याशिवाय पाया खणू नका.