औषध लिहिण्याआधीचा प्रश्न

प्रिय डॉक्टरीणबाई,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला वाचला. फोनवर एवढं टाईप करणं माझ्या बोटांना जमत नाही, म्हणून हे पत्र.

चोवीस वर्षांची मुलगी, तीन वर्षांपासून ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, दोन वर्षांपूर्वी किडनीपर्यंत गेलेला. लग्नाला आठ महिने झालेत. आजार दाबायला मायकोफेनोलेट, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, थोडं स्टेरॉईड आणि लघवीतून प्रथिनं जाऊ नयेत म्हणून रॅमिप्रिल चालू आहे. तिने विचारलं, "मॅडम, मला मूल होईल ना?" आणि तू म्हणालीस, "तुमच्या आजारात तो विचार सोडलेला बरा."

रागावत नाही. आम्हालाही हेच शिकवलं होतं. पण अशा वाक्याने पेशंट मुलाचा विचार सोडत नाही, डॉक्टरला सोडते. कुणीतरी सांगतं, "गोळ्या गरम पडतात, आधी त्या बंद कर." ती करते, आणि पाचव्या महिन्यात पाय सुजलेले, लघवीला फेस, अशी कॅज्युअल्टीत येते.

माझीच एक गोष्ट सांगते. बावीस वर्षांची मुलगी, दोन्ही मनगटं सुजलेली, आमवात पक्का. मी मेथोट्रेक्सेट लिहिलं, सांध्यांची सूज दाबणारं पण गर्भाला धोक्याचं औषध, आठवड्यातून एकदाच घ्यायचं हे तीनदा बजावलं, दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड. लिव्हर बघितलं, छातीचा एक्स-रे बघितला. लग्न ठरलंय का, हे विचारलं नाही. वैशाखात लग्न झालं. श्रावणात ती दोन महिने पाळी चुकल्याचं सांगत आली, हातात माझीच चिठ्ठी, आणि रविवारची गोळी एकदाही न चुकवलेली. गर्भ राहिला नाही. तिने मला काही बोल लावला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून माझ्या केसपेपरवर वजनाच्या खाली एक ओळ असते: मूल हवं आहे का, असल्यास कधी, तोवर काय वापरता? अविवाहित मुलीलाही विचारते. आई शेजारी बसली असेल तर आईला वजनकाट्याकडे काहीतरी कामाला लावते आणि मग विचारते.

तशी एखादी मेथोट्रेक्सेटवर असताना दिवस राहून आलीच, तर गोळी त्याच दिवशी थांबव, पण लगेच "पाडा" म्हणू नकोस. गर्भपाताचा आणि बाळात दोष राहण्याचा धोका वाढतो हे खरं, तरी अशी बरीच मुलं व्यवस्थित जन्मतात. फॉलिक ॲसिड चालू ठेव, नीट सोनोग्राफी करून घे. निर्णय तिचा. सज्ञान बाईला कायद्याने गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही, हे तुझ्या वॉर्डातल्या सिस्टरनाही एकदा सांगून ठेव.

आता तुझी पेशंट. तिला "नाही" म्हणायचं नाहीये, "आत्ता नाही" म्हणायचंय, आणि कधी तेही सांगायचंय. मायकोफेनोलेट गर्भाला घातक, ते दिवस राहण्याच्या किमान सहा आठवडे आधी बंद हवं. पण सहा आठवडे मोजून मोकळी होऊ नकोस. त्याच्या जागी गरोदरपणात चालणारं ॲझाथायोप्रिन दे आणि त्यावर किडनी शांत राहते का ते बघ. लघवी, क्रिएटिनीन, रक्तदाब सहा महिने ठीक राहिले तर पुढे जा. ॲझाथायोप्रिनच्या सुरुवातीच्या आठवड्यांत पांढऱ्या पेशी वारंवार तपास, आपल्याकडे काहींच्या त्या भराभर खाली येतात. रॅमिप्रिल गरोदरपणात चालत नाही, त्याचाही बदल आधीच ठरव.

आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन बंद करायचं नाही. सासूने सांगितलं तरी नाही, गावच्या डॉक्टरने सांगितलं तरी नाही. चिठ्ठीवर लाल शाईने लिही. गरोदरपणात आजार उसळू न देणारी तीच गोळी आहे.

या सहा महिन्यांत दिवस राहता कामा नयेत, आणि इथे आपण फार हलगर्जीपणा करतो. "काळजी घ्या" म्हणजे काय घ्या? आरोग्य केंद्रातून माला-एन मिळते, पण तिच्यात इस्ट्रोजेन असतं. रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडीज असतील किंवा ल्युपस जोरात असेल तर ती नको. शिवाय मायकोफेनोलेटमुळे या गोळ्यांचा भरवसा कमी होऊ शकतो. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन सोपं वाटतं, पण स्टेरॉईडने आधीच ठिसूळ झालेल्या हाडांना ते बरं नाही, आणि त्या अँटिबॉडीज असतील तर तेही टाळायचं. तांबी उत्तम. प्रतिकारशक्ती कमी आहे म्हणून तांबी नको, हे मत जुनं झालं.

त्या अँटिबॉडीज म्हणजे ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा-टू ग्लायकोप्रोटीन. तिन्ही पाठव; काही सापडलं तर बारा आठवड्यांनी पुन्हा, कारण एकदा येऊन जाणाऱ्याही असतात. आधी गर्भपात झालेत आणि या टिकून आहेत, तर ॲस्पिरिनबरोबर गुठळ्या रोखणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शनं लागतील.

अँटि-रो या आणखी एका अँटिबॉडीची तपासणी पण पाठव. ती असली तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका पहिल्या खेपेला शंभरात साधारण दोन. आधीच्या बाळाला तसं झालं असेल तर पुढच्या वेळी तो पंधराच्या आसपास जातो. म्हणून सोळा-अठरा आठवड्यांपासून सव्वीसपर्यंत गर्भाच्या हृदयाचा इको. पेशंटला सांगताना अठ्ठ्याण्णव आधी सांग, दोन नंतर.

दिवस राहिले की बाराव्या आठवड्यापासून कमी डोसचं ॲस्पिरिन, सोळावा उलटायच्या आत. पुढे विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब चढला आणि प्रथिनं वाढली तर तू गोंधळशील, मीही गोंधळते: हे गरोदरपणाचं की ल्युपसचं? शरीरातली सूज दाखवणारा ईएसआर बघत बसू नकोस, तो गरोदरपणात एरवीही वाढतो. लघवीत लाल पेशी आणि कास्ट (किडनीच्या नळ्यांत तयार होणारे साचे) दिसतायत का, ल्युपसची डीएस-डीएनए अँटिबॉडी वाढतेय का, सी-थ्री आणि सी-फोर ही कॉम्प्लिमेंट प्रथिनं घसरतायत का, ते बघ; हे ल्युपसकडे बोट दाखवतं. गरोदर बाईत कॉम्प्लिमेंट एरवी वाढलेलं असतं, त्यामुळे रिपोर्टवरचं "नॉर्मल" फसवं असू शकतं.

ल्युपसचे नियम आमवाताला जसेच्या तसे लावू नकोस. आमवातात निम्म्या-अधिक बायकांना गरोदरपणात उलट आराम पडतो. फिलिप हेंच नावाच्या अमेरिकन डॉक्टरला १९३०च्या दशकात हेच दिसलं. शरीरात काहीतरी तयार होत असणार म्हणून तो शोधत राहिला, १९४८मध्ये पहिल्या पेशंटला कॉर्टिसोन दिलं आणि १९५०मध्ये नोबेल मिळालं. आपण उठता-बसता लिहितो त्या स्टेरॉईडच्या मुळाशी अशा गरोदर बायका आहेत. पण बाळंतपणानंतर सांधे पुन्हा धरतात, नेमके बाळाला उचलायच्या दिवसांत. तेव्हा पोटात असतानाच ठरव, अंगावर पाजताना चालतील अशी औषधं कोणती. सल्फासॅलाझिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, कमी डोसचं स्टेरॉईड चालतं, मेथोट्रेक्सेट टाळ.

शेवटच्या तिमाहीत प्रतिकारशक्ती दाबणारं ॲडॅलिम्युमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब घेतलेली कुणी असेल, तर ते औषध बाळाच्या रक्तात उतरलेलं असतं. आपल्याकडे बीसीजी जन्मल्या-जन्मल्या टोचतात आणि ती जिवंत लस आहे. अशा बाळाला ती किमान सहा महिने थांबवावी लागते. प्रसूती वॉर्डाला हे कुणी कळवत नाही. तू डिलिव्हरीच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव.

पुढच्या वेळी तिच्या नवऱ्याला आत बोलाव. जमलं तर सासूलाही. गोळ्या कोण बंद करायला लावतं ते तुला खुर्च्यांच्या रांगेवरूनच कळेल.

तिचा नंबर केसपेपरवर असेलच. उद्या ओपीडी सुरू व्हायच्या आत फोन कर आणि कालचं वाक्य मागे घे. तिचे लघवीचे आणि अँटिबॉडीजचे रिपोर्ट आले की मला पाठव, रात्री साडेअकराला आले तरी चालतील.

तुझी,
मॅडम